रात्री दोन वाजता अख्ख्या जगाचं काय करायचं?

या वेळचं पत्र सांगलीहून आलंय. थोडं कमी करून देते:

"ताई, माझं वय ३५, पतसंस्थेत क्लार्क आहे. घरी नवरा, सासूबाई आणि तिसरीतला मुलगा. गेलं वर्षभर मला नीट झोप नाही. सगळे झोपले की मोबाईल हातात घेते, एकच व्हिडिओ बघायचा म्हणून, आणि बघता बघता दोन वाजतात. कुठे युद्ध, कुठे जंगल जळतंय, कुठे ढगफुटी, एआयमुळे नोकऱ्या जाणार म्हणतात. छातीत धडधडतं, हात थंड पडतात. भाऊ दोह्याला नोकरीला आहे, २०२५ च्या जूनमध्ये कतारवर मिसाईल आली त्या रात्री त्याचा फोन लागेना, तेव्हापासून जास्तच झालंय. २०१९ च्या पुरात आमचं गावभागातलं घर पाण्यात होतं. नवरा म्हणतो बातम्या बघूच नको, आपलं घर बघ. सासूबाई म्हणतात जप कर. परवा मुलानं विचारलं, आई आपल्यावर पण बॉम्ब पडणार का, आणि मला काही बोलताच आलं नाही. घरात दुसऱ्या मुलाचा विषय निघतो, मला वाटतं अशा जगात कशाला आणायचं लेकरू. मी वेडी झालेय का? अगं-तुगं केलं तरी चालेल."

अगं, वेडी वगैरे काही झालेली नाहीस, ते आधी डोक्यातून काढ. तुझ्यासारखं लिहिणारे मला दर महिन्याला असतात, कोल्हापूर, नगर, डोंबिवली, आणि बाहेर गेलेले सुद्धा, आणि प्रत्येकाला वाटतं की हे फक्त मलाच होतंय, बाकी सगळे मजेत आहेत. तसं नाहीये. २०२१ मध्ये 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या मेडिकल जर्नलमध्ये एक सर्व्हे आला होता, दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार पोरापोरींना हवामान बदलाबद्दल विचारलेलं, भारतातली मुलं पण त्यात होती. ५९ टक्के म्हणाली की आम्हाला खूप किंवा प्रचंड काळजी वाटते, आणि ४५ टक्क्यांहून जास्त जणांनी सांगितलं की याचा रोजच्या जगण्यावर परिणाम होतो. ही तुझ्यापेक्षा लहान मुलं आहेत, आणि प्रश्न फक्त हवामानाचा होता, त्यात युद्ध पण नव्हतं आणि नोकऱ्या पण नव्हत्या. त्यामुळे जग बघून पोटात गोळा येणं हा आजार नाही, ज्याला दिसतं त्याला भीती वाटणारच.

पण मला तुझ्या पत्रातली एक ओळ जास्त महत्त्वाची वाटली. युद्धावर तू पानभर लिहिलंस (मी इथे कमी केलंय), एआयवर अर्धं पान लिहिलंस, आणि पुरावर एकच वाक्य, "२०१९ च्या पुरात आमचं गावभागातलं घर पाण्यात होतं", फुलस्टॉप. आता तिसरीत असलेला तुझा मुलगा तेव्हा दीड-दोन वर्षांचा असणार. म्हणजे तू मांडीवरचं पोर घेऊन घर सोडलेली बाई आहेस. २००५ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांवर गेलं होतं, तेव्हा लोक म्हणाले यापेक्षा जास्त काय येणार, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ च्या वर गेलं, जिथे कधी पाणी आलं नव्हतं अशा गल्ल्यांत आलं, आणि सावरतोय तोवर २०२१ च्या जुलैमध्ये परत पन्नाशी ओलांडली. तुझ्या शरीरानं तेव्हा एक गोष्ट शिकून ठेवलीय, की टीव्हीवर दिसतं ते एक दिवस आपल्या उंबऱ्याच्या आत येऊ शकतं. दुसऱ्या कुणाला ही ऐकीव गोष्ट आहे, तुला ती अनुभवाची आहे. त्यामुळे दूर कुठे तरी पूर आलेला बघताना तुझं मन तो पूर दूरचा धरतच नाही. आणि त्या दिवसांबद्दल तू कुणाशी बोललीयस का गं? भांडी, फ्रीज, पंचनामा, मदतीचे पैसे याबद्दल नाही म्हणत मी, त्याबद्दल सगळी सांगली बोलली. त्या रात्री तुला काय वाटलं याबद्दल. नसशील तर बोल. नवऱ्याशी बोल, तो पण त्याच पाण्यातून बाहेर आलाय आणि त्याचं ते "बातम्या बघूच नको" हे कदाचित त्याच्या भीतीचंच रूप असेल.

आता मोबाईलचं. इथे मला एक अभ्यास आवर्जून सांगावासा वाटतो. १५ एप्रिल २०१३ ला अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. नंतर तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारपूस केली, आणि त्यात असं निघालं की जे लोक पुढचा आठवडाभर दिवसाला सहा किंवा जास्त तास त्याच्या बातम्या बघत होते त्यांना, प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी किंवा जवळपास असलेल्या लोकांपेक्षाही जास्त ताण आला होता. घरात सोफ्यावर बसलेल्यांना! हे वाचल्यावर मला पटलं की "नुसतं तर बघतेय, मला कुठे काय झालंय" हे म्हणण्यात अर्थ नाही. बघण्यानं होतं. तेच ते दृश्य पुन्हा पुन्हा आलं की शरीर प्रत्येक वेळी पळायच्या तयारीला लागतं, हृदय जोरात, श्वास उथळ, हातपाय गार, आणि तू मात्र अंधारात पांघरुणात पडलेली असतेस, पळायला कुठेच नसतं. मग ती सगळी तयारी अंगात तशीच राहते आणि दोन वाजता झोप कशी येणार.

म्हणून मी तुला बातम्या बंद कर असं म्हणणार नाही. नवऱ्याचं ते मत मला पटत नाही. भाऊ आखातात, घर नदीकाठी, आणि बाईनं बातम्या बघायच्या नाहीत हे कसं शक्य आहे, आणि जगात काय चाललंय याची फिकीर असणारी माणसं कमी झाली तर जग काही सुधारणार नाही. पण फोनवर जे येतं त्यातलं बरंचसं बातमी नसतंच. २०२५ च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान तणाव होता तेव्हाचं आठव, काही मोठ्या चॅनेलांनी रात्रीतून कराची बंदर उद्ध्वस्त झालं म्हणून ओरडून सांगितलं, सकाळी कळलं की तसं काही झालेलंच नाही, आणि व्हॉट्सअपवर फिरत होते त्यातले काही व्हिडिओ तर चक्क कॉम्प्युटर गेममधले होते. त्या रात्री जागलेल्या माणसांनी जागून काय मिळवलं? जी माहिती मिळाली ती खोटी, झोप गेली ती खरी. आणि जे नऊ वाजता झोपले त्यांना सकाळी पेपरात जे होतं ते निदान तपासून छापलेलं होतं.

तू सांगलीची आहेस म्हणून तुला हे पटकन कळेल. पावसाळ्यात तुमच्याकडे लहान पोराला पण आयर्विनची पातळी पाठ असते. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. पण त्याच्याही आधी, तिशी ओलांडली की सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटवाल्यांनी सामान हलवायला घ्यायचं, पुढे कुठल्या आकड्याला दत्तनगर, कुठल्या आकड्याला आपली गल्ली हे ज्याचं त्याला माहीत असतं. कोयनेतून किती क्युसेक सोडलं हे ऐकलं की घरात चर्चा होते, गाडी वर लावायची का, गॅस सिलिंडर माळ्यावर टाकायचा का, म्हातारीला मिरजेला लेकीकडे पाठवायचं का. भीती असतेच, पण प्रत्येक फुटाला एक काम ठरलेलं असतं, त्यामुळे माणूस भीतीनं गोठत नाही, हलत राहतो. रात्री फोनवर तुला जे दिसतं त्यात नुसता आकडा वाढत जातो. अमुक मेले, तमुक डिग्री, इतक्या नोकऱ्या. आणि त्या आकड्याला तू काय करायचं हे कुणीच सांगत नाही, कारण तुला काही करायला लावायचं हा त्याचा हेतूच नाही, तू बघत राहावंस एवढाच आहे. मला तुला सांगायचंय ते खरं तर एवढंच आहे की ज्या भीतीला काम जोडलेलं नाही ती भीती रात्री घरात घेऊच नको. आणि जिला काम जोडता येतं तिला दिवसा, माणसांबरोबर बसून काम जोड.

हे म्हणायला सोपं आहे, मान्य, म्हणून आता प्रत्यक्ष काय ते बघू.

फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव, बेडरूममध्ये नाही. भावाचा फोन आला तर? तर रिंग मोठी ठेव, स्वयंपाकघरातून ऐकू येते. अलार्मसाठी साधं घड्याळ आण. बातमीसाठी सकाळचा पेपर घे किंवा संध्याकाळी एकदा वीस मिनिटं बातम्या बघ, पण बसून, लाईट लावून, शक्यतो कुणाबरोबर तरी. पेपरचा मोठा गुण हा की तो संपतो, शेवटचं पान आलं की घडी घालून ठेवून देता येतो, मोबाईलवर शेवटचं पान येतच नाही आणि आपण ते शोधत बसतो. ज्या ग्रुपवर दिवसभर "अति महत्वाचे, लगेच पुढे पाठवा" येतं तो म्यूट कर, सोडला तरी चालेल, नातेवाईक रुसले तर रुसू दे.

पहिले काही दिवस फोन बाहेर ठेवून तुला जास्तच अस्वस्थ वाटेल, हात आपोआप उशीखाली जाईल. तेव्हा उठून बस, श्वास नेहमीसारखा घे पण सोडताना हळूहळू, घेतलास त्याच्या दुप्पट वेळ लावून सोड, पाच मिनिटं. लांबवून श्वास सोडला की हृदयाचे ठोके खरंच कमी होतात, त्यात काही चमत्कार नाही, शरीराची रचनाच तशी आहे. आणि इथे मला सासूबाईंची बाजू घ्यायचीय. जप म्हणजे तरी काय, एका लयीत, एकच शब्द, सावकाश, श्वास लांबवत. त्यांना जगातल्या बातम्या कळत नाहीत म्हणून त्या सांगतात असं समजू नकोस, त्यांच्या वयाच्या बाईनं १९७२ चा दुष्काळ लहानपणी बघितलेला असणार, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सुकडी खाल्लेली पिढी आहे ती. तुझी श्रद्धा नसेल तर नामाऐवजी आकडे मोज, पण त्यांच्याबरोबर संध्याकाळी दहा मिनिटं बस, आणि त्या दुष्काळात काय केलं हे विचार. त्यांना सांगायला खूप असेल.

धडधडीबद्दल मात्र मी नुसत्या गप्पांवर सोडणार नाही. वर्षभर झोप नाही, छातीत धडधड, हात थंड, हे सगळं काळजीनं होतं तसंच थायरॉईडनं आणि रक्त कमी असल्यानं पण होऊ शकतं, आणि आपल्याकडे बायका याला टेन्शन म्हणून सोडून देतात. तेव्हा याच आठवड्यात फॅमिली डॉक्टरकडे जा, टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि हिमोग्लोबिन तपासून घे, बीपी बघ, वाटलं तर ते ईसीजी काढतील. दुपारी चारनंतरचा चहा बंद कर. रिपोर्ट नॉर्मल आले आणि तरी झोप नाही लागली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं, आणि तुला तर शेजारी मिरज आहे, डॉक्टरांचं गाव, लांब लांबून लोक तिथे येतात. खाजगीत जायचं नसेल तर सरकारी सिव्हिलमध्ये जा. तिथे जायच्या आधी नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. रात्री दोनला फोन हातात घ्यायचाच असेल तर हा नंबर लाव. आणि कधी जगणंच नको वाटायला लागलं, तर सकाळची वाट बघू नको, नवऱ्याला उठव आणि हा नंबर लाव. तुझ्या पत्रात तसं काही नाहीये, तरी मी प्रत्येकाला हे सांगतेच.

भावाचं. त्या रात्री, म्हणजे २३ जूनला, इराणनं कतारमधल्या अमेरिकेच्या अल उदेद तळावर मिसाईल सोडली होती, आणि तू इथे बसून सगळं दोहा जळतंय असं समजत होतीस, साहजिक आहे, फोन लागत नसला की मन काहीही रंगवतं. त्याच्याशी बसून एकदाच ठरवा. गडबड झाली की त्यानं एक शब्द टाकायचा, "ठीक", फोन नाही, कारण अशा वेळी नेटवर्कवर गर्दी असते पण मेसेज कधी ना कधी पोचतो. त्याच्या रूममेटचा आणि कंपनीतल्या एकाचा नंबर तुझ्याकडे असू दे, तिथल्या भारतीय दूतावासाचा इमर्जन्सी नंबर दोघांकडे लिहून ठेवा, पासपोर्टची झेरॉक्स तुझ्याकडे असू दे. आणि एरवी आठवड्यातून एक वार ठरवून बोला, जेवणखाण, पगार, त्याचं लग्न असलं काहीही. काळजी वाटली म्हणून केलेल्या फोनवर फक्त काळजीच बोलली जाते आणि मग तो पण तिकडे घाबरतो.

आता जरा मोठ्या गोष्टीकडे येते, कारण तुझा खरा प्रश्न तोच आहे, की एवढ्या मोठ्या जगापुढे मी एक क्लार्क काय करणार. तुझ्याच जिल्ह्यात याचं उत्तर आहे आणि मला नेहमी वाटतं की सांगलीकरांनी ते जास्त अभिमानानं सांगायला हवं. जिल्ह्याच्या एका टोकाला पूर आणि दुसऱ्या टोकाला आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, जिथे पिढ्यान् पिढ्या पाणीच नाही. तिथल्या माणसांना पण रात्री झोप लागत नसेलच की, विहीर आटली, जनावरं छावणीत, पोरं मुंबईला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला. त्यांची भीती तुझ्यापेक्षा लहान नव्हती. त्यांनी काय केलं? स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी, श्रमिक मुक्ती दलाचे भारत पाटणकर यांच्यासारख्यांच्या बरोबर ती माणसं एकत्र बसायला लागली. १९९३ पासून आटपाडीत दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरायला लागली, वर्षामागून वर्ष, तोच मांडव, त्याच मागण्या, कृष्णेचं पाणी उचलून आम्हाला द्या आणि सगळ्यांना सारखं द्या. टेंभू उपसा योजनेचं पाणी आटपाडीकडच्या माणदेशात पोचायला वर्षानुवर्षं गेली, अण्णा २०१२ मध्ये गेले, काम पुढे चालूच राहिलं. त्याच्याही आधी खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी स्वतः बळीराजा धरण उभं केलं होतं. आणि आपली रोजगार हमी, जी पुढे १९७७ मध्ये कायदा झाली आणि नंतर देशभरासाठी नमुना ठरली, तिचा पहिला प्रयोग १९६५ मध्ये तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातच केला होता. दुष्काळ पडणारच असं धरून, तो पडल्यावर माणसाला हक्कानं काम कसं मिळेल याची सोय करून ठेवली या लोकांनी.

मला यातलं जे भावतं ते हे की त्यांनी काळजी कमी केली नाही, तिला एक जागा आणि तारीख दिली. परिषदेला जायचं, भांडायचं, घोषणा द्यायच्या, पिठलं-भाकरी खायची आणि घरी येऊन झोपायचं. एकट्यानं रात्री पडल्या पडल्या केलेली काळजी संपत नाही. चार माणसांत केलेल्या काळजीची मीटिंग तरी संपते.

तर तू गाझासाठी, अमेरिकेतल्या जंगलासाठी काय करशील हे आत्ता बाजूला ठेव (पैसे पाठवावेसे वाटले तर खात्रीच्या संस्थेला थोडे दर महिन्याला पाठव आणि त्या विषयाचे व्हिडिओ बघणं थांबव, तुझ्या बघण्यानं तिथल्या कुणाला भाकरी मिळत नाही). तुझ्या गल्लीपासून सुरू कर. गावभागात तुझ्या ओळीत एकटी राहणारी म्हातारी माणसं किती आहेत, कुणाला इन्सुलिन लागतं, कोण जिना उतरू शकत नाही, कोण बाळंतीण आहे, याची वही पावसाळ्याच्या आधी करायची. तू क्लार्क आहेस, वही ठेवणं तुझ्याइतकं कुणाला येणार? प्रत्येक नावापुढे, पाणी आलं तर यांना कोण नेणार, त्याचं नाव आणि फोन. आधारकार्ड, पासबुक, सातबारा, औषधाच्या चिठ्ठ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. १०७७ हा जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर प्रत्येक घरात भिंतीवर लिहायचा. सरकारचं 'सचेत' ॲप घ्यायचं, म्हणजे इशारे थेट मिळतील, आणि कोयनेबद्दलच्या अफवा ग्रुपवर आल्या की तूच सांगू शकशील की खरं काय. मंडळातल्या पोरांना हाताशी घे, गणपतीला राबणारी पोरं पुरात सगळ्यात आधी पाण्यात उतरतात, त्यांना फक्त कुणीतरी आधी यादी द्यायला पाहिजे. २०१९ ला आजूबाजूच्या गावांमधून गाड्या भरून भाकरी आल्या, पण जुन्या कपड्यांचे ढीग पण आले जे कुणाला नको होते. काय लागतं हे ज्यांना माहीत आहे अशी माणसं कमी असतात, तू त्यातली एक आहेस.

आणि कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९ मीटरवरून ५२४ वर न्यायचं जे चाललंय, ज्यानं आपल्याकडचा पूर वाढेल अशी भीती आहे, त्यावर सांगली-कोल्हापुरात बैठका होतात, त्यातल्या एखाद्या बैठकीला जा. मागे बसून ऐकलंस तरी चालेल. तिथे तुझ्याइतकेच घाबरलेले आणि तरी कागद, नकाशे घेऊन आलेले लोक भेटतील, मला वाटतं तुला त्याचा खूप उपयोग होईल.

मुलगा. त्यानं विचारलं आपल्यावर बॉम्ब पडणार का, आणि तू गप्प राहिलीस, आता तो स्वतःच उत्तर तयार करत असणार, मुलं रिकामी जागा ठेवत नाहीत. त्यामुळे तो विषय तूच परत काढ, पोळ्या लाटताना, असाच. आधी विचार, तुला असं का वाटलं रे, कुठे बघितलंस? बऱ्याचदा त्यांनी काहीतरी अर्धंच ऐकलेलं असतं आणि त्यांची भीती आपण समजतो त्यापेक्षा वेगळीच असते, मामाचं काही होईल का असंही असू शकतं. मग खरं सांग पण थोडक्यात. काही देशांत युद्ध चालू आहे, ते इथून लांब आहे, ते थांबावं म्हणून मोठी माणसं प्रयत्न करतायत, आणि तुझी काळजी घ्यायला आम्ही तिघं आहोत. "कधीच काही होणार नाही" असं वचन देऊ नकोस, पुढे ते खोटं पडलं तर तुझ्या बाकीच्या शब्दावरचा विश्वास जातो. तो खोलीत असताना टीव्हीवर युद्धाच्या बातम्या नकोत, आणि त्याला पण त्या वहीच्या कामात घे, घरांचा नकाशा काढायला दे, तिसरीतलं पोर ते आनंदानं करेल. २०१९ ची गोष्ट सांग त्याला, की तू लहान होतास, बाबांनी तुला कसं आणलं, कुणी दूध आणून दिलं. त्या गोष्टीचा शेवट चांगला आहे, तुम्ही सगळे आहात.

राहिला दुसऱ्या मुलाचा प्रश्न. वर सांगितलं त्या सर्व्हेमध्ये दहातल्या चार जणांनी, मूल होऊ द्यावं का याबद्दल आम्ही साशंक आहोत असं म्हटलं होतं, त्यामुळे हा विचार येणं विचित्र नाही आणि तो हसण्यावारी नेणाऱ्यांचं मला पटत नाही. पण तुझ्या पत्रात मला दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळलेल्या दिसतात. तुला दुसरं मूल हवंय पण जगाची भीती वाटते, की तुला मुळात नकोय, थकलीयस, नोकरी-घर करून जीव जातोय, आणि जगाचं कारण सांगितलं की कुणी वाद घालत नाही? दोन्ही चालतील. दुसरं असेल तर ते स्पष्ट म्हण, "मला नको आहे" हे पुरेसं कारण आहे, त्याला युद्धाची जोड लागत नाही. पहिलं असेल तर आत्ता ठरवूच नको. आधी झोप येऊ दे, रक्त तपासून होऊ दे, एक पावसाळा त्या वहीसकट जाऊ दे, मग तब्येत, पैसे, नवरा रात्री उठणार का, तुझी रजा, यावर बसून बोला. नदीकाठी घर असताना तळमजल्यावरून वरच्या मजल्यावर जाणं जमेल का हे पण बोला, हा जगाच्या स्थितीइतकाच खरा प्रश्न आहे आणि यात तुमच्या हातात काहीतरी आहे. सासूबाईंचं मत प्रेमानं ऐका आणि दोघांनीच ठरवा.

ते काय ठरलं हे मला कळवायची गरज नाही, तो तुमचा दोघांचा विषय. टीएसएचचा रिपोर्ट मात्र आला की लगेच कळव.